‘फरगेट इट’ म्हणाले, म्हणजे साहेब रागावले का?

या वेळचं पत्र कोकणातल्या वेळास गावाहून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

‘बाई, सादर नमस्कार. आमच्याकडे कासवं बघायला येणाऱ्यांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. माझं शिक्षण बारावी, मराठी माध्यम. पाहुण्यांशी इंग्रजी मीच बोलते, कारण ह्यांना लाज वाटते. सासूबाईंना वाटत नाही, पण त्या कुणाशीही मराठीतच बोलतात. मार्चमध्ये इंग्लंडचं एक वयस्क जोडपं तीन दिवस राहून गेलं. साहेबांचं आणि सासूबाईंचं फार जमलं. रोज सकाळी त्या साहेबांना खुणेनेच दुसरी भाकरी घ्यायला लावायच्या. एकदा साहेबांनी त्यांचं वय विचारलं. सासूबाईंनी हात उडवला. मी म्हणाले, “शी इज फरगॉटन.” तशी दोघं एकदम गप्पच झाली. बाईंनी तर सासूबाईंचा हात हातात घेतला.

ते गेल्यावर बघते तर साहेबांची गवती टोपी पडवीत खुंटीवर. मी मेसेज केला, “सर, यू फरगेट युअर हॅट इन अवर पडवी. आय विल सेंड कुरिअर.” त्यावर उत्तर आलं, “ओह, प्लीज फरगेट इट! अँड डू टेल युअर मदर-इन-लॉ शी इज नॉट फरगॉटन.” मुलगा म्हणतो, “फरगेट इट” म्हणजे “गप्प बस”. असं काय चुकलं माझं? आणि “शी इज फरगॉटन” चूक आहे असंही तोच म्हणतो, मग साहेबांनी स्वतः “इज”च कसं लिहिलं? शेवटचं, फाटकावर आम्ही पाटी लावली आहे, “कम टू वेळास अँड फरगेट युअरसेल्फ”. साहेबांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला आणि खूप हसले. पाटी ठेवू की काढू?’

वहिनी, साहेब रागावलेले नाहीत. तुमच्या मुलाने जे ‘फरगेट इट’ ऐकलं आहे ते बहुतेक सिनेमातल्या भांडणातलं असावं. तेही खरंच आहे, पण ते त्या शब्दाचं एकच तोंड. तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारता, ‘चहा टाकू का?’ आणि पाहुणा म्हणतो, ‘राहू द्या हो, कशाला त्रास.’ साहेबांचं ‘फरगेट इट’ हे असलं ‘राहू द्या’ आहे. वेळासहून इंग्लंडला एका गवती टोपीचं कुरिअर करायला टोपीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतील हे त्यांना कळतं. तुम्हाला त्या खर्चात आणि खटपटीत पाडायचं नाही, एवढाच अर्थ.

कुणी ‘सॉरी’ म्हणालं, की हेच ‘फरगेट इट’ ‘असू दे, त्यात काय’ असं होतं. वाद घालून दमलेला माणूस तेच म्हणतो, तेव्हा ते ‘जाऊ दे, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही’ होतं. आणि कुणी अशक्य काही मागितलं, की ‘विसर आता ते’. ओळखायचं कसं? जसं आपण आपलं ‘राहू दे’ ओळखतो तसं. ‘राहू दे गं, बस जरा’ आणि ‘राहू दे तुझं!’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही. साहेबांच्या वाक्यात आधी ‘ओह’ आहे, मग ‘प्लीज’ आहे आणि पुढे सासूबाईंची चौकशी आहे. ‘गप्प बस’ म्हणणारा माणूस सासूबाईंची आठवण काढत नाही.

एक मात्र सांभाळा. पाहुण्याने तुमचे आभार मानले तर तुम्ही ‘फरगेट इट’ म्हणू नका. मनात कितीही गोडवा असला तरी यजमानाच्या तोंडी ते तुटक वाटू शकतं. ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणा, किंवा नुसतं हसा.

आता तुमचा मेसेज. टोपी राहून गेली, गोष्ट घडून गेली, म्हणजे ‘फरगॉट’ हवं. तुम्ही ‘फरगेट’ लिहिलंत. हे तुम्हाला एकदा सांगितलं की पुरे. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत ‘फरगेट, फरगॉट, फरगॉटन’ मी वर्गावर्गांतून इतकं घोकून घेतलं, की खाली शिपाईसुद्धा म्हणायला लागला होता. पण यातलं कुठलं रूप कधी वापरायचं, ते शिकवायला तास कधी पुरलाच नाही. त्याचं खापर मी तुमच्यावर कसं फोडू?

साधं ‘फरगेट’ वर्तमानकाळात येतंच नाही असं नाही. समोरच्याचं नाव ओठावर आहे आणि येत नाही, तेव्हा इंग्रज म्हणतो, ‘आय फरगेट हिज नेम.’ आपण तिथे ‘विसरतो’ म्हणत नाही, ‘आत्ता आठवत नाहीये’ म्हणतो. आपल्याकडे त्यालाच ‘आय अ‍ॅम फरगेटिंग युअर नेम’ म्हणायची सवय आहे. ते कानाला खटकतं. नेहमीची, कायमची गोष्ट सांगतानाही साधा वर्तमानकाळच चालतो. कासवीण जिथे जन्मली त्या भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते असं मानतात, तर तुम्ही पाहुण्यांना ‘अ टर्टल नेव्हर फरगेट्स हर बीच’ असं बिनधास्त सांगा.

‘इन अवर पडवी’बद्दलही बोलायला हवं, कारण ही चूक एमए झालेलेसुद्धा करतात. ‘यू फरगॉट युअर हॅट’ हे ठीक आहे. पण जागा सांगायची झाली, म्हणजे पडवीत, एसटीत, हॉटेलात, की नीटस इंग्रजीत ‘फरगॉट’ बाजूला ठेवतात आणि ‘लेफ्ट’ घेतात. ‘यू लेफ्ट युअर हॅट इन अवर व्हरांडा.’ बोलताना तेही लोक सैल सोडतात, अमेरिकेत तर सर्रास. पण परीक्षेत गुण जातात आणि लिहिताना डोळ्याला टोचतं.

गंमत म्हणजे हे ‘लेफ्ट’ तुमच्या घरातलंच आहे. तुम्ही मराठीत मला लिहिताना ‘साहेबांची टोपी विसरली’ असं लिहिलंच नसतं. ‘टोपी राहिली’ असंच आलं असतं. दापोलीच्या स्टँडवर कंडक्टर ‘कोण पिशवी विसरलं?’ असं विचारत नाही. तो ओरडतो, ‘पिशवी कुणाची राहिलीय?’ मालवणकडचे म्हणतील, ‘पिशवी रवली.’ राहण्याचं काम पिशवीने केलं, माणूस सुटला! मला आपली ही रीत फार आवडते. इंग्रजीत ‘लेफ्ट’ म्हटलं तरी सोडून जाणारा माणूसच कर्ता राहतो, दोष त्याच्याकडे जातो. म्हणून पाहुण्याला लिहायचं असेल तर मी दोन्ही टाळीन आणि म्हणेन, ‘वुई फाउंड युअर हॅट.’ तुमची टोपी सापडली. कुणी विसरलं नाही, कुणी सोडलं नाही, आणि बातमीही आनंदाची.

शब्दाच्या मुळात थोडं डोकावते, माझी खोड आहे. ‘फरगेट’मधलं ‘फर’ म्हणजे ‘साठी’ या अर्थाचं ‘फॉर’ नव्हे. तो जुना उपसर्ग आहे, दूर, वेगळं, उलट अशा अर्थाचा. ‘फरबिड’ म्हणजे मनाई आणि ‘फरसेक’ म्हणजे सोडून देणं, यांतही तोच आहे. ‘गेट’चा मूळ अर्थ पकडणं, हाती धरणं. म्हणजे धरलेलं हातातून सुटलं, ते ‘फरगेट’. जर्मन लोकांचं ‘फेरगेसन’ याच घराण्यातलं. आपलं ‘विसरणे’ संस्कृतातल्या ‘स्मृ’ला ‘वि’ लागून झिजत झिजत आलं. तिथेही एक छोटा उपसर्ग पुढे बसून आठवणीला घराबाहेर काढतो. इंग्रजाच्या हातातून सुटतं, आपल्या मनातून उतरतं. (आगाऊ पैसे घेता तो ‘विसार’ मात्र या कुळातला समजू नका, नाहीतर पाहुण्यांना वाटेल विसार दिला म्हणजे विसरायची मोकळीक.)

उच्चार करताना जोर ‘गे’वर द्या, ‘फर’ हलकं सोडा. जोर शेवटच्या अक्षरावर आहे म्हणूनच ‘फरगेटिंग’ आणि ‘फरगॉटन’ लिहिताना ‘टी’ दोनदा येतो. ‘व्हिजिटिंग’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून तिथे एकदाच. ‘फरगेटफुल’मध्येही एकच.

खोलीत तुमची सूचना लावलेली असणारच. ‘डोन्ट फरगेट टू स्विच ऑफ द फॅन’ असं असेल तर व्याकरण बरोबर आहे, पण ते शाळेतल्या फळ्यासारखं वाटतं. ‘प्लीज रिमेंबर टू’ करा. आणि ‘टू’ काढून ‘स्विचिंग’ वगैरे लावू नका, अर्थ पालटतो. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं राहिलं. ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द टर्टल्स’ म्हणजे कासवं बघितली आणि ते बघणं विसरणार नाही. पहिल्यात काम झालंच नाही, दुसऱ्यात होऊन गेलं.

आता पाटी. वहिनी, मी पत्र वाचताना मोठ्याने हसले हे कबूल करते. तुमच्या मनात काय होतं ते मराठी माणसाला न सांगता कळतं. ‘वेळासला या आणि स्वतःला विसरा.’ आपल्याकडे स्वतःला विसरणं ही केवढी मोठी गोष्ट! कीर्तनात माणूस देहभान विसरतो, गणपतीत नाचताना तहानभूक विसरतो, समुद्रासमोर बसला की भान हरपतं. पण इंग्रजीत ‘फरगेट वनसेल्फ’ हा एक ठरलेला वाक्प्रचार आहे. त्याचा नेहमीचा अर्थ म्हणजे रीतभात सोडणं, ताबा सुटून नको ते बोलून जाणं. चारचौघांत कुणाचा आवाज चढला की नंतर तो म्हणतो, ‘माफ करा, आय फरगॉट मायसेल्फ.’ म्हणजे तुमची पाटी साहेबांना सांगत होती, ‘वेळासला या आणि ताळतंत्र सोडा.’ ते हसले यात कुचेष्टा नव्हती. त्या वयाच्या सभ्य इंग्रज माणसाला असं आमंत्रण कुणी आजवर दिलं नसेल.

पाटी काढा. त्या जागी ‘फरगेट युअर वरीज’ लिहा असं सगळे सांगतील. बरोबर आहे, पण किनाऱ्यावरच्या दर तिसऱ्या रिसॉर्टवर तेच दिसतं. ‘फरगेट द टाइम’ मुळीच नको, कारण तुमच्याकडे येणाऱ्याला वेळ विसरून चालत नाही. सकाळी अंड्यांवर झाकलेली टोपली उचलून कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडतात ती वेळ चुकली, की थेट संध्याकाळपर्यंत थांबा. मला विचाराल तर पाटीचं वरचं वाक्य मराठीतच ठेवा, ‘वेळासला या, स्वतःला विसरा’, अगदी ठळक. खाली इंग्रजीत साधं लिहा, ‘होम-कुक्ड मील्स, क्लीन रूम्स’. जुनी पाटी फेकू नका मात्र. साहेबांसारखा पाहुणा आला की दाखवायला ठेवा.

राहिलं ‘शी इज फरगॉटन’. तुमचा मुलगा इथे बरोबर आहे. पण चूक कुठून आली ते बघण्यासारखं आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी टोपी घातली’, ‘मी टोपी धुतली’. क्रियापद टोपीच्या मागे जातं, तुम्ही बाई की पुरुष याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण ‘मी टोपी विसरली’ असं आपण म्हणत नाही. बाई ‘मी टोपी विसरले’ म्हणते, पुरुष ‘विसरलो’. विसरणे, शिकणे, बोलणे, जेवणे ही मोजकी क्रियापदं भूतकाळातही करणाऱ्याचाच पदर धरून चालतात. मग ‘सासूबाई विसरल्या आहेत’ हे वाक्य दिसायला अगदी ‘सासूबाई दमल्या आहेत’सारखं होतं. ‘दमल्या आहेत’चं इंग्रजी ‘शी इज टायर्ड’. तेही बरोबर. म्हणून त्याच मापाने तुम्ही ‘विसरल्या आहेत’चं ‘शी इज फरगॉटन’ केलंत. मराठीच्या अंगाने चालत गेलात, अगदी सरळ गेलात, आणि अचानक भलत्याच घरात शिरलात.

कारण इंग्रजीत तिथे ‘हॅज’ लागतो. ‘शी हॅज फरगॉटन हर एज’, त्या आपलं वय विसरल्या आहेत. ‘इज’ घातला की त्या विसरणाऱ्या राहत नाहीत, विसरल्या गेलेल्या होतात. ‘शी इज फरगॉटन’ म्हणजे ‘ह्यांना सगळे विसरले आहेत, आता ह्यांची कुणाला आठवण नाही.’

आता त्या दोघांच्या जागी बसून बघा. ओटीवर म्हातारी बाई बसली आहे. वय विचारलं तर तिने हात उडवला. आणि सून शांतपणे, हसतमुखाने सांगते, ‘ह्यांना सगळे विसरलेत.’ ते गप्प झाले, बाईंनी हात हातात घेतला, याहून वेगळं काय करणार? तुम्ही सासूबाईंच्या पानात वाढत होतात, साहेबांना दुसरी भाकरी देत होतात, त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. त्यामुळे काहीतरी चुकतंय हे त्यांच्या लक्षात आलंही असेल. पण खात्री कशी करणार, आणि यजमानीणबाईंना ‘तुमचं क्रियापद चुकलं’ असं कसं म्हणणार?

म्हणून साहेबांनी दिवस जाऊ दिले, टोपीचं निमित्त मिळालं तेव्हा तुमचंच वाक्य उचललं आणि मध्ये एक ‘नॉट’ घातला. ‘शी इज नॉट फरगॉटन.’ त्यांचं ‘इज’ चुकलेलं नाही. त्यांना तेच म्हणायचं आहे, सासूबाईंना कुणी विसरलेलं नाही, निदान आम्ही तरी नाही. तुमच्या गावापुरतं बोलायचं तर, ‘नाना फडणवीस इज नॉट फरगॉटन इन वेळास’, नाना तुमच्याच गावचे, त्यांना गाव विसरलेलं नाही. हे ‘इज’ त्या जातीचं.

आणखी एक. पुढे कुणा पाहुण्याने पुन्हा वय विचारलं, तर ‘शी इज फरगेटफुल’ म्हणून सुटायला जाऊ नका. व्याकरण बरोबर, पण तो स्वभावावरचा शेरा आहे, आणि वृद्ध माणसाबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आजाराची शंका येते. आपलं ‘विसरभोळ्या’ किती प्रेमळ आहे बघा, विसरणं आणि भोळेपणा एकाच शब्दात, दोष अर्धा तिथेच माफ. इंग्रजीत त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘अ‍ॅबसेंट-माइंडेड’, पण त्याच्यात तो भोळेपणा नाही. तुम्ही आपलं ‘शी डझन्ट रिमेंबर’ म्हणा. किंवा म्हणा, ‘शी वोंट टेल यू.’ त्यांनी हात उडवला याचा अर्थ त्या विसरल्याच होत्या, हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं? मी एकोणसत्तरची आहे आणि मीही हात उडवते.

पेशवाईत इंग्रजांनी तुमच्या शेजारचा बाणकोट किल्ला घेऊन त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं, तेव्हापासून खाडीच्या तोंडावर ही भाषा ऐकू येते आहे. एका ‘हॅज’ने तुमचं काही अडलं नाही, पुढेही अडणार नाही. साहेबांना उत्तर हवं आहे, ते असं लिहा:

‘डिअर सर, थँक यू. आय मेड अ मिस्टेक दॅट डे. आय वाँटेड टू से, शी हॅज फरगॉटन हर एज. शी हॅज नॉट फरगॉटन यू. युअर हॅट इज ऑन द पेग. वुई विल कीप इट देअर.’

सोबत खुंटीवरच्या टोपीचा फोटो जोडा. तो काढताना सासूबाई मध्ये आल्या तर त्यांना बाजूला व्हायला सांगू नका. आणि साहेबांचा निरोप त्यांना अजून दिला नसेल, तर आज भाकरी थापताना द्या. मराठीत त्याला ‘फरगॉटन’ लागतच नाही. ‘आई, साहेबांनी तुमची आठवण काढलीय.’